ग्रीक-रोमन काव्यातील रूपांतरे: शाप असेल, तर उःशाप का नाही?

आपण विचारले आहे की रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसेस' (रूपांतरे) या काव्यात माणसांची झाडे, पक्षी, प्राणी आणि दगड होतात, ते आपल्या पुराणांतील शापांसारखेच समजावे का. तसे असेल तर तिथे उःशाप का आढळत नाही. आणि ज्यांचा काहीच अपराध नाही अशांच्या वाट्यालाही ही अवस्था का येते. मी वीसहून अधिक वर्षे लॅटिन आणि ग्रीक कविता शिकवत आलो आहे आणि मराठी विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी येतो. तो येणे स्वाभाविक आहे, कारण शाप हा शब्द आपल्या हाताशी तयारच असतो. शाप म्हटला की तो उच्चारणारा कोणीतरी असतो, त्याला कारण असते, त्याची मुदत असते आणि बहुधा त्याच श्वासात सुटकेचा मार्गही सांगितलेला असतो. अहल्येला गौतमाने शाप दिला तेव्हाच रामाच्या आगमनाची अटही सांगितली. (वाल्मीकी रामायणात ती शिळा होत नाही, वारा भक्षून, राखेत पडून, कोणालाही न दिसता ती राहते. शिळा नंतरच्या कथनांत येते.) ओव्हिडच्या रूपांतरांना हा साचा लावला की त्या काव्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ती गोष्ट म्हणजे, शरीर बदलते, मन पुष्कळदा होते तसेच राहते, आणि त्या दोघांना जोडणारी वाणी मात्र तुटते.

हे ओव्हिडने नव्याने शोधलेले नाही. होमरच्या 'ओडिसी'च्या दहाव्या सर्गात सर्सी ही जादूगार देवी ओडिसियसच्या साथीदारांची डुकरे करते, तेव्हा होमर दोनच ओळींत सांगतो की त्यांना डोके, आवाज, केस आणि शरीर डुकराचे आले, पण मन पूर्वीसारखेच स्थिर राहिले. आवाज गेला आणि मन राहिले, एवढे बीज तिथेच पडलेले आहे. मात्र होमर त्यावर रेंगाळत नाही. थोड्याच वेळाने सर्सी त्यांना दुसरे औषध चोळते आणि ते पुन्हा माणसे होतात, तीही आधीपेक्षा तरुण, देखणी आणि उंच. ही जादूची गोष्ट आहे, आणि जादू उलटवता येते.

होमरच्याच 'इलियड'मधील नायोबी या प्रकारात बसत नाही. चोविसाव्या सर्गात पुत्रशोकाने अन्नपाणी सोडलेल्या ट्रॉयच्या वृद्ध राजा प्रायमला ग्रीक योद्धा अकिलीस समजावतो की बारा मुले गमावलेल्या नायोबीलाही अखेर जेवणाची आठवण झाली. आज ती सिपिलस डोंगरावर दगड होऊन उभी आहे, आणि दगड असूनही देवांनी दिलेली दुःखे ती 'पचवत' बसली आहे. ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ खरोखरच पचवणे किंवा शिजवणे असा आहे, आणि जेवणाच्या आग्रहात तो शब्द आल्यामुळे त्याला जे वजन मिळते ते कोणत्याही भाषांतरात पुरते उतरलेले मी पाहिलेले नाही. नायोबीला परत माणूस करण्याचा विचारही तिथे कोणी करत नाही, कारण तो डोंगर तर समोर उभा आहे.

उःशाप नसण्याचे पहिले कारण इथे सापडते. ग्रीक रूपांतरकथांचा फार मोठा भाग हा एखाद्या दिसणाऱ्या वस्तूचा उगम सांगणारा आहे. या कड्याचा आकार असा का, या पक्ष्याचा स्वर इतका करुण का, या देवळात हाच विधी का, अशा प्रश्नांची ती उत्तरे असतात. लॉरेलचे झाड आजही उभे असेल, तर जिचे ते झाड झाले त्या डॅफ्नीला पुन्हा मुलगी करून चालणार नाही. अलेक्झांडरनंतरच्या काळातील विद्वान कवींना या उगमकथांचे विलक्षण आकर्षण होते. कोलोफोनच्या निकँडरने रूपांतरांवर स्वतंत्र काव्य रचले होते आणि बोइऑसच्या नावावर पक्ष्यांच्या उत्पत्तीचे एक काव्य होते. दोन्ही आज नष्ट झाली आहेत. अँटोनिनस लिबरालिस या पुढच्या काळातील लेखकाने केलेला एक्केचाळीस कथांचा कोरडा गद्य संग्रह मात्र एकाच हस्तलिखिताच्या रूपाने वाचला, म्हणून त्या काव्यांचा सांगाडा आपल्याला दिसू शकतो. हा संग्रह कंटाळवाणा आहे, पण ओव्हिडला काय मिळाले होते आणि त्याने त्याचे काय केले हे ताडून पाहायला त्याच्याइतके उपयुक्त साधन नाही.

दुसरे कारण ओव्हिडने स्वतःच तिसऱ्या सर्गात जाता जाता सांगून ठेवले आहे. देवराज ज्युपिटरची पत्नी जूनो हिने टायरेसियस या माणसाला आंधळे केले, तेव्हा ज्युपिटर त्याची दृष्टी परत देत नाही, भविष्य जाणण्याची शक्ती देतो. कारण एका देवाने केलेले दुसऱ्या देवाला रद्द करता येत नाही. म्हणजे या जगात भरपाई आहे, माघार नाही. याला आयोचा अपवाद वाटेल, पण तिथेही नियम पाळला गेला आहे. ज्युपिटरने बळजबरी केलेल्या आयोला पत्नीपासून लपवण्यासाठी त्यानेच गाय केले, आणि जूनोचा राग तिचा तिनेच सोडला तेव्हाच आयो पुन्हा मानवी रूपात आली.

आता ओव्हिडच्या काव्याकडे येतो. इ.स.पू. ४३ मध्ये सुल्मो इथे जन्मलेल्या या कवीने 'मेटामॉर्फोसेस' हे पंधरा सर्गांचे, सुमारे बारा हजार ओळींचे काव्य इ.स. ८ च्या सुमारास जवळजवळ पूर्ण केले होते. त्यात विश्वाच्या उत्पत्तीपासून ज्युलियस सीझरचा तारा होईपर्यंत अडीचशेच्या आसपास कथा आहेत. पुराणकथांचे कोश या काव्यातून फक्त घटना उचलतात, की अमक्याचे अमके झाले. पण अमके होताना जो क्षण जातो, तोच तर ओव्हिडने सर्वांत सावकाश लिहिला आहे. डॅफ्नीचे पाहा. अपोलो हा देव मागे लागलेला असताना ती आपल्या नदीपित्याकडे धावा करते, आणि पुढच्या पाच ओळींत तिचे केस पाने होतात, हात फांद्या होतात, क्षणापूर्वी इतका चपळ असलेला पाय सुस्त मुळांत अडकतो. तिच्या कोवळ्या उरावर पातळ साल चढते. या सालीसाठी कवीने 'लिबेर' हा शब्द वापरला आहे, आणि लॅटिनमध्ये 'लिबेर' म्हणजे पुस्तकही. पळणाऱ्या मुलीचे शरीर झाडात आणि पुस्तकात एकाच शब्दाने बंद होते.

ही भाषेची किमया फार महत्त्वाची आहे. मराठीत आपण डोंगराला माथा, पायथा आणि कूस देतो, नदीला मुख देतो, पानाला शिरा देतो. त्यात कोणाला काही नवल वाटत नाही. लॅटिनमध्येही 'कोमा' म्हणजे केस आणि झाडाचा पालाही. ओव्हिड या झिजलेल्या शब्दांना पुन्हा जिवंत करतो. प्रलयानंतर ड्युकॅलिऑन आणि पिऱ्हा मागे दगड टाकत जातात आणि त्यांची माणसे होतात, तेव्हा तो सांगतो की दगडातील जी 'वेना' होती, ती त्याच नावाने शरीरात राहिली. कारण दगडातील रेघ आणि अंगातील शीर या दोन्हींना लॅटिनमध्ये तोच शब्द आहे. अ‍ॅटलासचा डोंगर होतो तेव्हा दाढी आणि केस अरण्ये होतात, खांदे आणि हात कडे होतात, आणि जे डोके होते ते शिखर होते. रूपांतराचे अर्धे काम भाषेने आधीच करून ठेवलेले असते, कवी ते फक्त पूर्णत्वाला नेतो. म्हणूनच या भागाचे भाषांतर करताना मराठीतील अशा जोडशब्दांकडे आधी पाहावे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

डॅफ्नीच्या कथेचा शेवट मात्र सुंदर म्हणून सोडून देता येत नाही. अपोलो सालीवर हात ठेवतो आणि आत धडधडणारे काळीज त्याला जाणवते. तो लाकडाचे चुंबन घेतो आणि लाकूड ते टाळते. मग तो जाहीर करतो की ती त्याचे झाड होईल, रोमच्या सेनापतींच्या विजययात्रेत आणि सम्राट ऑगस्टसच्या दारापाशी उभी राहील. (इ.स.पू. २७ मध्ये सिनेटच्या ठरावाने ऑगस्टसच्या दाराला खरोखरच लॉरेल लावली गेली होती.) यावर लॉरेलने नव्या फांद्या लवून होकार दिला आणि मस्तक हलवावे तसा शेंडा हलवला, असे 'दिसले'. लॅटिन क्रियापद 'दिसले' असेच आहे. वाऱ्याने हललेल्या फांदीला संमती कोण म्हणत आहे, हा प्रश्न ओव्हिडने त्या एका क्रियापदात ठेवला आहे. जिला बोलता येत नाही तिच्या वतीने दुसऱ्याने उत्तर वाचून घेतले, एवढेच आपल्याला खात्रीने सांगता येते.

ॲक्टिऑनच्या कथेत हे सर्व सूत्र उघडपणे समोर येते, म्हणून तिथे मी थोडा अधिक थांबतो. कॅडमसचा हा नातू भर दुपारी शिकार थांबवून अनोळखी रानात भटकताना स्नान करणाऱ्या डायनासमोर येऊन पडतो. बाण हाताशी नसल्यामुळे देवी त्याच्या तोंडावर पाणी उडवते आणि म्हणते की, मला विवस्त्र पाहिलेस हे आता खुशाल सांग, सांगता आले तर. शिक्षा नेमकी कशावर आहे हे या वाक्यातून कळते. ती डोळ्यांवर नाही, बोलण्यावर आहे. तो हरीण होतो, पाण्यात आपले प्रतिबिंब पाहतो, 'हाय रे' म्हणायला जातो आणि आवाज उमटत नाही. कण्हणे हाच त्याचा आवाज उरतो. मग ओव्हिड होमरची ती जुनी ओळच जणू नव्याने लिहितो: 'मेन्स तान्तुम प्रिस्तिना मान्सित', म्हणजे मन तेवढे पूर्वीचे राहिले.

यानंतर त्याचेच कुत्रे त्याच्यावर धावून येतात आणि ओव्हिड तीसहून अधिक कुत्र्यांची नावे सांगतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही यादी लांबण वाटते. पण ही नावे ॲक्टिऑनने ठेवलेली आहेत, तो रोज त्याच नावांनी त्यांना हाका मारत होता, आणि आज त्यांतील एकही नाव त्याला उच्चारता येत नाही. 'मी ॲक्टिऑन आहे, धन्याला ओळखा' असे त्याला ओरडायचे असते. इकडे त्याचे सोबती कुत्र्यांना चिथावत असतात आणि ॲक्टिऑन कुठे राहिला म्हणून त्याच्याच नावाने हाका मारत असतात. आपले नाव ऐकून हरीण मान वळवते. संपूर्ण प्राचीन काव्यात याहून भयंकर मान वळवणे माझ्या वाचनात नाही.

अपराधाबद्दलचा आपला प्रश्न ओव्हिडने या कथेच्या आरंभीच घेतला आहे. तो म्हणतो की नीट शोधाल तर यात दैवाचा दोष सापडेल, गुन्हा सापडणार नाही. वाट चुकण्यात कसला गुन्हा? आणि कथा संपल्यावर लोकांत दोन तट पडल्याचे तो सांगतो: कोणी देवीला अति क्रूर म्हणतात, कोणी तिच्या कौमार्याला साजेशी कठोर म्हणतात. निवाडा तो देत नाही. पुराणकथेकडून न्यायाची अपेक्षा ठेवून येणाऱ्या वाचकाला हे अस्वस्थ करते, आणि ते तसेच करायला हवे. अपराध असलेली रूपांतरेही अर्थात आहेत. लायकेऑनने ज्युपिटरपुढे माणसाचे मांस वाढले आणि तो लांडगा झाला. पण तिथे ओव्हिड आवर्जून सांगतो की केसांचा करडा रंग तोच, चेहऱ्यावरचे क्रौर्य तेच, डोळ्यांतील चमकही तीच. लॅटोना या देवीला पाणी न देता तळ्याचा तळ ढवळणारे लिशियाचे शेतकरी बेडूक होतात आणि पाण्याखाली राहूनही शिवीगाळ चालू ठेवतात. ती ओळ मोठ्याने वाचून पाहावी: 'क्वाम्विस सिन्त सुब आक्वा, सुब आक्वा मालेदीकेरे तेम्प्तान्त'. त्यातील 'सुब आक्वा, सुब आक्वा' ऐकले की वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. अशा ठिकाणी माणूस जो आतून होता तोच बाहेरून होतो. याला शिक्षा म्हणण्यापेक्षा कायम होणे म्हणावे, असे मला वाटते.

काही वेळा तर रूपांतर मागून घेतलेले असते. पित्याशी अनवधानाने नव्हे, तर जाणूनबुजून संग केलेली मिऱ्हा देवांना विनवते की मी जगले तर जिवंतांना विटाळ, मेले तर मृतांना विटाळ, म्हणून मला बदला आणि जीवन व मरण दोन्ही नाकारा. तिचे झाड होते आणि तिचे अश्रू म्हणजेच आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा हिराबोळ. जगणे आणि मरणे यांच्या मधली ही जी तिसरी जागा आहे, ती बहुधा या सबंध काव्यात रूपांतराची खरी जागा आहे. सीइक्स आणि अल्सायनी हे पतिपत्नी खंड्या पक्षी होतात तेव्हा तीच जागा दयेची होते, कारण मेलेला सीइक्स पक्षी होऊनच परत मिळतो.

कॅलिस्टोबद्दल एक गोष्ट मराठी वाचकाला सांगितलीच पाहिजे. ज्युपिटरने फसवलेल्या या मुलीला जूनोने अस्वल केले, विनवणी करता येऊ नये म्हणून तिची वाचाही काढून घेतली, आणि पुढे ज्युपिटरने तिला आकाशात नेऊन ठेवले. ते अस्वल म्हणजे आपले सप्तर्षी. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत, आणि ऋक्ष म्हणजे अस्वल. ग्रीक 'आर्क्तॉस' हा त्याच मुळाचा शब्द. उत्तरेच्या त्या सात ताऱ्यांना अस्वल हे नाव दोन्हीकडे मिळाले. दुःखी मुलीची कथा मात्र ग्रीकांकडेच राहिली.

आवाज घालवण्यासाठी देवच लागतो असेही नाही. टेरियस फिलोमेलावर बलात्कार करून तिची जीभ छाटतो. हे राजा असलेल्या माणसाने केलेले आहे, देवाने नव्हे. ती मागावर वस्त्रात आपली कहाणी विणून बहिणीला पाठवते. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या याच विषयावरच्या, आज हरवलेल्या नाटकातील 'धोट्याचा आवाज' हा शब्दप्रयोग अ‍ॅरिस्टॉटलने उद्धृत केल्यामुळे वाचला आहे. आयोही गाय झाल्यावर बापासमोर धुळीत खुराने अक्षरे काढून आपण कोण ते सांगते. तिचे नाव लॅटिनमध्ये दोनच अक्षरांचे आहे, एक उभी रेघ आणि एक वर्तुळ. खुराला जमेल तेवढे. आणि मनुष्यरूप परत मिळाल्यावरही ती बोलायला घाबरते, हंबरू की काय म्हणून, आणि सोडून दिलेले शब्द भीत भीत पुन्हा उच्चारून पाहते. रूप परत आले तरी वाणीवरचा विश्वास सहज परत येत नाही, हे ज्याने लिहिले तो कवी केवळ चमत्कार सांगत नव्हता.

त्याच्यावरही तशीच वेळ आली. इ.स. ८ मध्ये ऑगस्टसने ओव्हिडला काळ्या समुद्राच्या काठी टोमिस इथे, म्हणजे आजच्या रुमानियातील कॉन्स्टँटा इथे, हद्दपार केले. कारणे दोन, असे तो सांगतो: 'कार्मेन एत एर्रोर', एक काव्य आणि एक चूक. चूक कोणती हे तो उघड करत नाही. पण त्याने काहीतरी पाहिले होते एवढे तो सूचित करतो आणि स्वतःची तुलना नकळत डायनाला पाहणाऱ्या ॲक्टिऑनशी करतो. 'एर्रोर' हाच शब्द त्याने ॲक्टिऑनच्या वाट चुकण्यासाठी आधीच वापरला होता. रोमला पाठवलेल्या पहिल्या पुस्तकात तो लिहितो की बदललेल्या शरीरांच्या त्या कथांत आता माझ्या दैवाचा चेहराही घाला. पुढे तर तो म्हणतो की इथे रानटी मीच, कारण माझे बोलणे कोणालाच कळत नाही. इ.स. १७ च्या सुमारास तो तिकडेच वारला.

कुठून वाचायला सुरुवात करावी असे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो: नवव्या सर्गातील ड्रायोपीपासून करा. सत्तरेक ओळींचा हा भाग कोशांत दोन वाक्यांत उरकलेला असतो. अँटोनिनसने निकँडरवरून दिलेल्या कथेत वनदेवता ड्रायोपीला प्रेमाने उचलून नेतात, तिच्या जागी एक पॉप्लर वृक्ष उगवतो आणि ती स्वतः वनदेवता होते. म्हणजे सगळे मंगलच. ओव्हिडने त्या कथेतून मंगल काढून टाकले. त्याची ड्रायोपी तान्ह्या मुलाला अंगावर पाजत तळ्याकाठी फिरते आणि त्याला खेळायला म्हणून एका झाडाचे फूल खुडते. (हे 'लोटस' आपले कमळ नव्हे, फळे धरणारे झाड आहे.) फुलातून रक्ताचे थेंब पडतात, कारण ते झाड म्हणजे पूर्वी पळून जाताना बदललेली लोटिस नावाची अप्सराच असते. ड्रायोपी घाबरून मागे सरायला जाते तर पाय रुतलेले. साल खालून वर चढत जाते, मुलाला दूध मिळेनासे होते, आणि तोंड उरले आहे तोवर ती बोलून घेते: मुलाला माझ्या सावलीत दूध पाजा, इथेच खेळू द्या, बोलायला लागला की आई या खोडात आहे असे म्हणायला शिकवा, आणि झाडावरचे फूल त्याला कधी तोडू देऊ नका. मग ती सांगते की डोळे मिटायला कोणी हात लावू नका, साल आपणच ते मिटवील. ओव्हिड लिहितो की तिच्या ओठांचे बोलणे आणि असणे एकाच वेळी थांबले, आणि शरीर बदलून गेल्यावरही त्या नव्या फांद्या कितीतरी वेळ ऊबदार राहिल्या.